ओवाळणीत हत्ती!

भाऊबीजेला मी दादाकडे चक्क हत्ती मागितला. तोही रानातला, मोकळा, साखळी नसलेला. मग सहा माणसं, एक गाडी आणि चकल्यांचा डबा असा आमचा लवाजमा विट्याहून थेट तिलारीला निघाला. हत्ती भेटला का? थोडा धीर धरा, सांगते!

"बोल, काय हवंय? हेडफोन घेऊ का?" पाटावर बसलेल्या दादानं विचारलं. ताट माझ्या हातात होतं, निरांजन फडफडत होतं आणि दादाचा एक डोळा मोबाईलवर होता.

"हत्ती," मी म्हटलं.

"सोन्याचा का चांदीचा?" वहिनीनं लगेच विचारलं.

आमच्या विट्यात हा प्रश्न पूर्णपणे चेष्टेचा नसतो. पुण्यात मला कायम "विटा? म्हणजे ब्रिक्स?" असं विचारणारे भेटतात. त्यांच्यासाठी सांगते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं हे गाव. यंत्रमागांची खडखड आणि सोन्या-चांदीची गलाई, या दोन गोष्टींवर ते उभं आहे. पाऊस पाठ फिरवणारा आमचा हा भाग. शेतीत भागेना म्हणून विटा, खानापूर, आटपाडीची माणसं भट्टी आणि मूस घेऊन देशभर पांगली. जुनं सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं, हा त्यांचा धंदा. केरळपासून बिहारपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात जा, एखादा तरी गलाईवाला आमच्याकडचा निघतोच.

आमचे अप्पाही त्यातलेच. त्यांची निम्मी उमर केरळात, त्रिशूरच्या एका गल्लीत गेली. आम्ही भावंडं आईबरोबर विट्यात, अप्पा तिकडे भट्टीपुढे. पुढे टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आमच्या शिवारापर्यंत आलं, तसे अप्पाही आले. आता त्यांची डाळिंबाची बाग आहे आणि बागेवर त्यांचा नातवापेक्षा जास्त जीव आहे, असं आई म्हणते.

तर हत्ती. मागण्याचं कारण सांगायला जरा ऑकवर्ड वाटतं. दिवाळीआधी माझ्या ओळखीतले निम्मे लोक कबिनीला जाऊन आले होते. प्रत्येकाच्या स्टेटसला हत्ती. हत्ती पाणी पितोय, हत्ती माती उडवतोय, हत्तीसमोर आमच्या ग्रुपमधली कुणीतरी दोन बोटं दाखवतेय. मला सॉलिड जळायला झालं. मग कुठेतरी वाचलेलं आठवलं. अरे, रानटी हत्ती तर आपल्याकडेही आहेत! कोल्हापूर ओलांडून पुढे चंदगड, आजरा आणि घाट उतरला की दोडामार्ग. विट्याहून एका दिवसाची ड्राइव्ह!

"एवढ्यासाठी तिकडं जायचं?" आईनं विचारलं. "सांगलीच्या गणपतीला जा, तिथं बघितलाच होता की लहानपणी."

तेव्हा अप्पा पहिल्यांदा बोलले. "मी येतो."

अप्पा कुठेही येत नाहीत. लग्नालासुद्धा अक्षता पडल्या की बागेत पळतात. त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो.

"त्रिशूरात रग्गड हत्ती बघितलं," ते म्हणाले. "मोकळा एकबी न्हाय."

झालं, ट्रिप फायनल. भाऊबीज झाली गुरुवारी, २३ ऑक्टोबर २०२५ ला. शनिवारी पहाटे पाचला आम्ही गाडीत. दादा, वहिनी, त्यांचा सात वर्षांचा मुलगा म्हणजे माझा भाचा, आई, अप्पा आणि ओवाळणीची मालकीण मी.

साखळीची गोष्ट

तासगाव मागे पडलं, सांगली आली. उसाच्या ट्रॉल्या अजून सुरू व्हायच्या होत्या, म्हणून रस्ता मोकळा. जयसिंगपूरजवळ नांदणीची पाटी दिसली आणि गाडीत एकदम शांतता झाली.

का, ते या भागातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, लोकांची लाडकी 'माधुरी', तीस वर्षांहून जास्त काळ इथे होती. न्यायालयाच्या आदेशानं जुलै २०२५ मध्ये ती गुजरातेत, जामनगरच्या 'वनतारा'त गेली. तिला निरोप देताना माणसं ढसाढसा रडली. मग मोर्चे निघाले, सह्यांची मोहीम झाली. आमच्या घरातही तेव्हा दोन पार्ट्या पडल्या होत्या. आई म्हणायची, लेकीसारखी होती ती, का नेली? वहिनी म्हणायची, तिच्या पायांची, तब्येतीची काळजी नको का घ्यायला? दोघींचं जेवताना वाजायचं.

त्या दिवशी गाडीत अप्पांनी त्रिशूरच्या पूरमची गोष्ट सांगितली. आम्ही ती यापूर्वी कधी ऐकली नव्हती. खरं तर त्रिशूरबद्दल अप्पा फारसं बोलतच नाहीत. वडक्कुन्नाथन मंदिरापुढचं मोठं मैदान, एका बाजूला पंधरा हत्ती, समोर पंधरा हत्ती, वर रंगीत छत्र्यांची अदलाबदल आणि कानठळ्या बसवणारी वाद्यं. हत्तींच्या कपाळावर सोनेरी झळाळणारी आभूषणं.

"लोक म्हणायची, केवढं सोनं! मला लांबनंच कळायचं, तांब्यावर मुलामा हाय." अप्पा हसले. गलाईवाल्याचा डोळा तो! "सगळी कपाळाकडं बघायची. मी पायाकडं बघायचो. साखळी असायची. वाटायचं, ह्येबी आपल्यावानीच. गाव लांब ऱ्हायलं आन् पाय इथं बांधलेला."

पुढे बराच वेळ कुणी काही बोललं नाही. भाच्यानं चकली मागितली, तेव्हा कुठे गाडीत पुन्हा आवाज सुरू झाला.

न बोलावलेले पाहुणे

कोल्हापूरला मिसळ, मग निपाणी, संकेश्वर करत गडहिंग्लज. तिथून चंदगडच्या रस्त्याला लागलं की हवाच बदलते. सांगलीकडची मोकळी माळरानं संपतात आणि काजूच्या बागा, लाल माती, मधूनच दाट जंगल सुरू होतं. त्या दिवसांत पाऊसही रेंगाळलेलाच होता. चहाच्या टपरीवर मी माझं घरचं अभ्यासाचं बाड उघडलं. पत्रकार असल्याचा तेवढाच फायदा!

महाराष्ट्रातले हे हत्ती मूळचे इथले नव्हेत. २००२ मध्ये कर्नाटकातल्या दांडेलीच्या बाजूच्या जंगलातून एक कळप दोडामार्ग तालुक्यात उतरला. २००४ च्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड-आजऱ्याच्या बाजूलाही हत्ती दिसू लागले. सगळ्यांना वाटलं, पावसाळ्यात येतील, उन्हाळ्यात जातील. पण ते राहिले. त्यांच्या जुन्या जंगलात रस्ते, धरणं, खाणी यांनी तुकडे पडत गेले आणि इकडे तर नारळ, सुपारी, केळी, भात, ऊस असं पंचपक्वान्नांचं ताटच वाढलेलं!

आता हिशेब बघा. मोठा हत्ती दिवसाला साधारण दीडशे किलो खातो आणि शंभर लिटरच्या वर पाणी पितो. दिवसातले सोळा-अठरा तास त्याचं खाणंच चालू असतं. त्यातलं निम्म्याहून कमी त्याला पचतं, म्हणून परत खाणं. जंगलात एवढं गोळा करायला मैलोन् मैल फिरावं लागतं. बागेत एका रात्रीत काम होतं. आणि हत्ती माडाचे नारळ तोडून खात बसत नाही, अख्खा माड आडवा करून आतला कोवळा गाभा खातो. केळीचंही तेच.

कर्नाटकासाठी हत्ती नवा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्येच डीएनएवर आधारलेली देशातली पहिली हत्तीगणना जाहीर झाली. देशात अंदाजे २२,४४६ हत्ती, त्यातले सहा हजारांवर एकट्या कर्नाटकात. आपल्या सह्याद्रीत आहेत ते मोजकेच. पण ज्या गावांनी पिढ्यान् पिढ्या हत्ती फक्त गणपतीच्या रूपात पाहिला, त्यांच्यासाठी एकसुद्धा भारीच असतो.

उपाय करून झाले. चर खणले, मिरच्यांचा धूर केला, फटाके फोडले, परत कर्नाटकात हाकलून पाहिलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आणि माहूत आणून कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले गेले. आंबेरी इथे त्यांना ठेवून माणसाळवायचा प्रयत्न झाला. पण बंदिवासात ते सगळे जगले नाहीत. मग २०२० मध्ये तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटरचं जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. कर्नाटकातलं भीमगड आणि गोव्यातलं म्हादई या दोन अभयारण्यांना जोडणारा हा पट्टा. जंगल राखलं गेलं. पण हत्तीला त्याची हद्द कोण समजावून सांगणार?

२०२५ चा स्टार तर 'ओंकार'! कळपातून बाहेर पडलेला हा तरुण नर. नर हत्ती वयात आला की कळप सोडतो, हा निसर्गाचा नियमच. कळप चालवते ती अनुभवी आजी-मावशी, पोरगा मोठा झाला की त्यानं आपलं बघायचं. आपल्यासारखंच, बारावी झाली की पुणे! तर हा ओंकार सप्टेंबर २०२५ मध्ये थेट गोव्यात, पेडणे तालुक्यात पोहोचला आणि त्याचे व्हिडिओ घराघरांत. त्याला पकडून न्यावं की जंगलात परत धाडावं, हा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे फिरून पुन्हा साखळीच.

हे सगळं मी वाचून दाखवत होते. अप्पा चहा बशीत ओतून ऐकत होते. "म्हंजी त्याबी घर सोडूनच आल्यात," एवढंच म्हणाले.

"आमी गाऱ्हाणा घालतव"

चंदगडहून कोदाळीमार्गे तिलारीचा घाट. या घाटाबद्दल एकच सांगते, आईनं अख्खा घाट डोळे मिटून रामरक्षा म्हणत उतरला. उतार असा, की गाडी नाकावर उभी आहे असं वाटावं. पण खाली पसरलेलं जंगल, धुकं आणि मध्येच चमकणारं पाणी, आहाहा! मी दर वळणावर खिडकीतून मान बाहेर काढून हत्ती शोधत होते. भाच्यानं चार हत्ती पाहिले. त्यातले तीन दगड निघाले आणि एक म्हैस.

खाली विजघर, पुढे भेडशी. त्याच्या पलीकडच्या एका वाडीत आमचं होमस्टे होतं. मागे सुपारीची बाग, बाजूला वहाळ, अंगणात शेणानं सारवलेलं खळं. काकूंनी सोलकढी हातात ठेवली आणि मी लगेच मुद्द्यावर आले.

"काकू, हत्ती कुठे दिसतील?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही, लहान मुलाकडे बघावं तसं.

"बाये, तुमी तो दिसूचो म्हणान इलात," त्या म्हणाल्या. "आमी तो दिसा नये म्हणान देवाक गाऱ्हाणा घालतव."

सोलकढीचा घोट घशातच अडकला. सहा-सात तास गाडी हाकत आम्ही ज्याच्यासाठी आलो होतो, ते होऊ नये म्हणून इथे रोज संध्याकाळी कुणीतरी हात जोडत होतं.

मग काकांनी सांगायला सुरुवात केली. संध्याकाळी सातनंतर शेजारच्या वाडीत जायचं बंद झालंय. पोरांची शिकवणी बंद. पहाटे काजू गोळा करायला एकट्यानं जायचं नाही. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले गावात एक वयस्कर शेतकरी सकाळी आपल्या काजूच्या बागेत गेले आणि हत्तीच्या हल्ल्यात तिथेच संपले. स्वतःच्याच बागेत. "आमी हत्तीक मारूक सांगना नाय," काका म्हणाले. "गणपती आसा तो. पण गणपती वर्षातना एकदा येता, गोडधोड खाता आणि जाता."

हसावं की काय करावं, कळेना.

बूट काढले

रात्री जेवणं झाली. कुळथाची पिठी, भात, तळलेला बांगडा. साडेआठला काकांचा मोबाईल वाजला. वाडीच्या ग्रुपवर मेसेज होता. टस्कर पलीकडच्या वाडीत, वहाळाच्या अंगाला सुपारीच्या बागेत आलाय. सगळ्यांनी घरात राहा.

पलीकडची वाडी म्हणजे चालत पंधरा मिनिटं.

आता खरं सांगते. मेसेजमधलं शेवटचं वाक्य मी वाचलंच नाही. माझे बूट पायात होते, कॅमेऱ्याची बॅटरी फुल होती. तेवढ्यात दारात दोन बाइकवर चार पोरं थांबली, "येतास काय? हयसरच आसा!" दादाही उठला. "दहा मिनिटांत जाऊन येऊ. लांबून बघू."

"रातचो जाव नको," काका म्हणाले. "तो काळो, रात काळी. हात लागलो की मगेच समजतला."

मी म्हटलं, आम्ही लांबच थांबू. झूम आहे माझ्याकडे. खरंच म्हटलं मी हे! समोरच्या माणसानं संध्याकाळभर काय सांगितलं, ते सगळं विसरून.

अप्पा ओसरीवर बसले होते. ते उठले नाहीत, आवाजही चढवला नाही.

"त्रिशूरात बिथरलेला हत्ती मी बघितलाय. पुढं पळणाऱ्याला हत्ती दिसत न्हाय, नुसता आवाज येतो. तिकडं आता जी माणसं गेल्यात, ती आपली बाग वाचवाय गेल्यात. तू काय वाचवाय चाललीयास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते 'फोटो' असं होतं.

"पर अप्पा, तुम्हालाच बघायचा होता ना मोकळा हत्ती?" दादानं विचारलं.

"बघायचा हाय. पर ही येळ न्हाय त्याला बघायची. तो आता चोरावानी आलाय आन् ती बिचारी राखणीला बसल्यात."

पोरं बाइक वाजवत निघून गेली. मी पायरीवर बसून बूट काढले. त्या क्षणी मला अप्पांचा रागच आला होता, खोटं कशाला बोलू? इतक्या जवळ! आयुष्यात परत कधी?

मग आम्ही नुसतं ऐकलं. आधी डबे बडवल्याचा आवाज, मग दिवाळीतले उरलेले फटाके. माणसांचे हाकारे, 'होऽऽ होऽऽ' असे लांबून येणारे. मध्येच सगळं शांत. आणि त्या शांततेत एकदा स्पष्ट ऐकू आलं, कडाड! जाड काहीतरी मोडल्याचं. काकूंनी डोळे मिटले.

"सुपारी न्हय ती," त्या हळूच म्हणाल्या. "माड."

नुसत्या आवाजावरून त्यांना झाड ओळखता येत होतं. ही विद्या त्यांना कशी आली असेल, याचा विचार करत मी रात्रभर जागी होते.

ओढणीनं मोजलेला हत्ती

सकाळी काकांबरोबर आम्ही त्या बागेत गेलो. वनखात्याचे दोघे आधीच आले होते, रात्रभर जागलेले, डोळे लाल. हत्ती पहाटेच डोंगराकडे गेला होता. दोन माड आडवे. सुपारीची झाडं मोजली, अकरा. केळीचा तर नुसता चोथा. आणि पाऊस होऊन गेल्यामुळे भाताचं खाचर चिखलानं भरलेलं, त्यात त्याची वाट अशी उमटलेली, जणू कुणी पाट्या ठेवत गेलंय.

बागेचा मालक दादाच्याच वयाचा, पस्तिशीचा. मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला. तो झाडांकडे बघतच नव्हता, पंप सुरू होतो का ते बघत होता.

अप्पा आडव्या माडाजवळ गेले. खोडावर हात ठेवला. डाळिंबाच्या झाडावर ठेवतात तसाच.

"किती वर्साचा?"

"सा-सात वर्सां झाली. हल्लीच धरूक लागलो होतो."

"भरपाई मिळती?"

"मिळता. पंचनामो होता, पैशे येतत." तो जरा थांबला. "वर्सां येयत नाय."

अप्पांनी मान हलवली. दुष्काळात जळालेली बाग त्यांनीही पाहिली आहे. त्यामुळे त्या दोघांना पुढे काही बोलावं लागलं नाही.

वनखात्याच्या एका काकांनी मात्र भाच्याला जवळ बोलावलं. "हत्ती बघायचाय ना? ये, मोजू या." पुढच्या पायाचा एक स्वच्छ ठसा त्यांनी दाखवला. भाचा त्यात दोन्ही पाय ठेवून उभा राहिला, तरी जागा उरली. मग काका म्हणाले, या ठशाच्या कडेनं दोरी फिरवायची. जेवढी भरेल, त्याच्या दुप्पट हत्तीची खांद्यापर्यंतची उंची. जंगलातले लोक असंच मोजतात. चिखलात ठसा पसरतो, म्हणून जरासं कमी धरायचं, एवढंच.

दोरी नव्हती. वहिनीनं ओढणी काढून दिली. भाच्यानं ठशाभोवती ओढणी फिरवली, मी गाठ मारली. मग तेवढीच आणखी एकदा मोजून दुसरी गाठ. दादानं एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरी गाठ हात उंचावून वर ताणली. ती त्याच्या डोक्याच्याही बरीच वर गेली.

आम्ही सगळे मान वर करून त्या गाठीकडे बघत होतो. तिथे हवेत त्याचा खांदा होता. त्याच्याही वर डोकं. आई म्हणाली, "अगं बाई!" आणि नकळत हात जोडले. भाचा आ वासून बघत होता. काल रात्री त्या अंधारात मी झूम घेऊन याच्यासमोर उभी राहणार होते! माझ्या पोटात तेव्हा गोळा आला, बारा तास उशिरानं.

अप्पा त्या वाटेकडे बघत होते. ठसे खाचर ओलांडून, कुंपण मोडून, सरळ डोंगराच्या दिशेनं गेले होते. कुठेही फरफट नाही, साखळीची रेघ नाही.

"मोकळाच हाय," ते स्वतःशीच म्हणाले. आणि मागे वळून आडव्या माडांकडे पाहून गप्प झाले.

ओवाळणी पोचली?

परत येताना सावंतवाडी, आंबोली, आजरा असा रस्ता घेतला. आजऱ्यात आईनं घनसाळ तांदूळ घेतला. दुकानदाराला सहज विचारलं, तर तिथेही तीच कहाणी. इकडच्या टस्करला लोक चाळोबाच्या जंगलावरून 'चाळोबा गणेश' म्हणतात. नाव देवाचं आणि नुकसान उसाचं. तक्रार करताना ही माणसं नाव घेतात तेही प्रेमानं. आपल्याला हे जमेल का? आपल्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी दिसली तर आपण सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहितो, आठवून बघा.

मला वाटतं, आपण शहरातले लोक हत्तीच्या बाजूनं पटकन उभे राहतो, कारण आपली बाग नसते. आणि गावातल्या लोकांवर 'हत्तीचे शत्रू' असा शिक्का मारायलाही आपल्याला वेळ लागत नाही. मी तरी परत येताना असलं कुठलंच मत ठामपणे मांडायच्या लायकीची राहिले नव्हते. हत्तीला जंगल हवं हे खरं. माडाला सात वर्षं लागतात हेही खरं. ही दोन्ही सत्यं एकाच ओसरीवर बसून रात्रभर जागतात, एवढं मात्र मी पाहून आले.

विट्यात शिरताना दादा म्हणाला, "तुझी ओवाळणी राहिलीच की गं. हेडफोन घेऊ का?"

"घे," मी म्हटलं. फुकटचे कोण सोडतं?

पण या गोष्टीचा शेवट वेगळाच झाला. निघताना अप्पांनी काकांचा नंबर घेतला होता. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा विट्याला गेले, संध्याकाळी सातच्या सुमारास एक फोन ठरलेला. बागेतून येऊन, हातपाय धुऊन, अप्पा ओसरीवर बसतात आणि तिलारीला फोन लावतात. आमची विट्याची बोली आणि त्यांची मालवणी, दोघांना एकमेकांचं निम्मंच कळत असणार.

"आला न्हाय न्हवं?" अप्पा विचारतात.

पलीकडून काहीतरी उत्तर येतं.

"बरं झालं," अप्पा म्हणतात. "बरं झालं."

जाणार असाल तर…

● हमखास हत्ती हवाय? मग दोडामार्गला जाऊ नका. इथे सफारी नाही आणि हत्ती म्हणजे लोकांच्या घरावरचं संकट आहे. जंगलातले हत्ती बघायचे तर कर्नाटकातलं नागरहोळे, कबिनी बेस्ट. माणसाळलेले हत्ती बघायचे तर शिवमोग्याजवळचं सक्रेबैलू, कोडगूतलं दुबारे किंवा आपल्या गडचिरोलीतला कमलापूरचा हत्ती कॅम्प. गडचिरोलीत २०२१ पासून रानटी हत्तीही आलेत, पण त्यांच्या मागे जाऊ नका, कारण तेच.

● तिलारीला जरूर जा, पण जंगल, धरणाचा परिसर, पक्षी आणि काकूंच्या हातच्या जेवणासाठी. घाट दिवसाउजेडी उतरा, ब्रेक आधी तपासून घ्या.

● रस्त्यात हत्ती दिसलाच तर लांबच थांबा, हॉर्न आणि फ्लॅश बंद. गाडीतून उतरू नका. सावकाश मागे घ्या. कान ताठ करून तो तुमच्याकडे बघत असेल, तर तुम्ही आधीच फार जवळ आहात.

● लोकेशन शेअर करू नका. तुमच्या एका स्टेटसमुळे दुसऱ्या दिवशी तिथे पन्नास बाइक येतात आणि बिथरलेला हत्ती रात्री कुणाच्या तरी बागेत शिरतो.

● खरेदी तिथेच करा. कोकम, काजू, सुपारी, आजऱ्याचा घनसाळ. हत्तीच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी आपण एवढं तरी नक्कीच करू शकतो.